विलगीकरणातील चिंता व नैराश्य

साथीच्या रोगात रुग्णाला घरच्यांपासून वेगळे ठेवल्यावर उद्भवणारा किंवा बळावणारा मानसिक त्रास. जीव घाबरा होणे, छातीत धडधड, झोप उडणे, कशातच मन न लागणे, ‘घरात आजार माझ्यामुळे आला’ ही टोचणी ही त्याची लक्षणे होत.

निदान : थकवा, निद्रानाश व अन्नावरची वासना उडणे ही तापातही दिसतात, त्यामुळे नैराश्य नजरेतून सुटते. झिग्मंड व स्नेथ यांच्या १९८३ मधील १४ प्रश्नांच्या मापिकेत (७ चिंतेचे, ७ नैराश्याचे) अशी शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळलेली असल्याने रुग्णालयात ती विशेष उपयोगी ठरते. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडांनीही झोप व मनःस्थिती बिघडू शकते. म्हणून चालू औषधे आधी पाहावीत.

२००३ च्या सार्स साथीत टोरांटोतील १२९ जणांच्या पाहणीत ३१.२ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. मात्र हे लोक रुग्ण नव्हते, तर रुग्णाच्या संपर्कात आल्याने अलगीकरणात (क्वारंटाइन) ठेवलेले होते. रुग्णांना हा आकडा तसाच लावता येत नाही.

पुण्यातील प्लेग : फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या प्लेग समितीच्या काळात सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या. रुग्ण रुग्णालयात आणि घरचे लोक छावणीत, अशी ताटातूट झाली. धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. विलगीकरणाची भीती रोगालाच आडोसा देते, हा या साथीचा सर्वांत महत्त्वाचा धडा होय. लोकांना विश्वास वाटेल असे हिंदू प्लेग रुग्णालय काढण्यात टिळकांचा पुढाकार होता. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या. २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झडत्या व या गोळीबारानंतरचे खटले यांवर विपुल लिहिले गेले; छावणीतल्या माणसाच्या मनावर फारच थोडे.

कोविड : महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले व नायडू रुग्णालयात दाखल झाले. प्रारंभी चाचणी निगेटिव्ह आल्याशिवाय घरी सोडत नसत. अहवालाची वाट पाहण्यात रुग्ण खचत. ८ मे २०२० च्या सुधारित धोरणाने सौम्य रुग्णांना, ताप नसल्यास, १० दिवसांनी चाचणीविना सोडता येऊ लागले. सुटकेचा दिवस ठाऊक असणे हाच मोठा दिलासा असतो.

भोर-वेल्हे : पुणे जिल्ह्यातील कामथडी, नसरापूर या पट्ट्यासारख्या ग्रामीण भागात लोकांनी वाळीत टाकण्याची भीती रोगाइतकीच जाचक ठरते.

उपचार : समुपदेशन, गरजेनुसार औषधे. घरच्यांशी रोज फोनवर बोलणे व प्रकृतीची खरी माहिती मिळणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. घरी सोडताना मनाची विचारपूस झालीच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र मिळते.