वाहत्या रक्ताचा आवाज

"उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाला लावतों. पण वैद्यकाच्या इतिहासांत ती रक्तालाही लागू पडलेली दिसते. निरोगी रोहिणींतून, म्हणजे हृदयापासून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनींतून, रक्त बहुधा निःशब्द वाहतें. ती वाहिनी कोठें अरुंद झाली कीं प्रवाहांत भोवरे उठतात, तिची भिंत थरारते आणि फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. या आवाजाचा अर्थ उलगडण्यास सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

१७५७ सालीं लंडनच्या विल्यम हंटर यांनीं अशा आवाजाची एक हकीकत प्रसिद्ध केली. त्या काळीं कोपराजवळची शीर तोडून रक्त काढण्याची रीत होती. कधीं पातें खोल जाऊन खालच्या रोहिणीसही भोंक पडे, आणि दोहोंमध्यें कायमची वाट तयार होई. अशा जागीं बोटाला थरथर व कानाला फुसफुस जाणवते, आणि रोहिणींतलें रक्त जोरानें शिरेंत घुसतें हेंच त्याचें कारण, असें हंटरनीं ओळखलें.

पुढें १८१६ सालीं पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांतील लाएनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणें प्रशस्त वाटेना. त्यांनीं कागदाची गुंडाळी करून तिचें एक टोक छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. स्टेथॉस्कोपचा जन्म तो हाच. १८१९ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं या आवाजास भात्याची उपमा दिली. फ्रेंचांतला 'ब्रुई', म्हणजे आवाज, हा शब्द डॉक्टर आजही वापरतात.

कारणाविषयीं मात्र वाद चालूच राहिले. १८८३ सालीं मँचेस्टरचे ऑसबर्न रेनल्ड्स यांनीं काचेच्या नळींतल्या वाहत्या पाण्यांत रंगाची धार सोडून पाहिली. वेग बेताचा असतां धार दोऱ्यासारखी सरळ राही. मर्यादा ओलांडतांच ती विस्कटून भोवरे होत. रक्ताचेंही तसेंच आहे. अरुंद जागीं त्याचा वेग वाढतो, आणि पुढच्या रुंद जागेंत तें घुसळून निघतें.

१९०५ सालीं रशियन शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनीं निरोगी रोहिणीसही बोलतें केलें. दंडावर हवेचा पट्टा आवळून रोहिणी दाबावयाची, आणि हवा सोडीत सोडीत कोपराच्या लवणींत ऐकावयाचें. पहिला ठोका तो वरचा रक्तदाब. आवाज नाहींसा होतो तो खालचा.

परंतु सर्वांत मोलाचा ठरला तो मानेंतला आवाज. १९५१ सालीं मॉन्ट्रियलच्या मिलर फिशर यांनीं दाखविलें कीं, अर्धांगाच्या कित्येक झटक्यांचें मूळ मेंदूंत नसून मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या, चरबीचा थर सांचलेल्या रोहिणींत असतें. हात घटकाभर लुळा पडणें, एका डोळ्यापुढें अंधारी येणें, ही त्याची पूर्वसूचना. १९५३ सालीं ह्यूस्टन येथें मायकेल डिबेकी यांनीं व १९५४ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांतील शल्यवैद्यांनीं शस्त्रक्रियेनें हा मार्ग मोकळा केला. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडांतील पाहणींत, अशी सूचना मिळालेल्या व रोहिणी फार अरुंद झालेल्या रोग्यांपैकीं केवळ औषधें घेणाऱ्या शंभरांत २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत तो ९ जणांनाच आला.

मग मानेंत आवाज नसला म्हणजे निश्चिंत राहावें काय? नाहीं. रोहिणी जवळजवळ बुजली कीं प्रवाहच इतका क्षीण होतो कीं आवाज थांबतो. उलट पांडुरोगांत, तापांत किंवा धडधाकट मुलांतही कधीं कधीं निरुपद्रवी आवाज ऐकूं येतो. म्हणून कानानें शंका घ्यावी, आणि निर्णय रोहिणीचें चित्र पाहून करावा, ही आजची रीत. आवाज ऐकूं आला म्हणून घाबरूं नये. पण हात लुळा पडून पुन्हां बरा झाला, तर "गेलें एकदांचें" म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.