कोऱ्या पट्ट्याचा मागोवा

उजनी धरणाचं पाणी आलं आणि टेंभुर्णीच्या आसपास ऊस वाढला. उसामागोमाग खतं, संजीवकं, जिवाणूंच्या बाटल्या आल्या. बांधावर डेमो प्लॉटची पाटी लागते, तिच्यावर एकरी टनांचा आकडा. तो आकडा खरा असू शकतो. पण त्याच रानात, तेच बेणं आणि तेच पाणी दिलेला, फक्त बाटलीतलं औषध न दिलेला पट्टा कुठे आहे? तो नसेल तर वाढलेलं टनेज औषधाचं, पावसाचं की मुळातच कसदार रानाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

हा कोरा पट्टा जुना आहे. इंग्लंडात रोदॅमस्टेडला १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू झाला, त्यात एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवला. तो प्रयोग अजून चालू आहे. आपल्याकडे १८९७ च्या जानेवारीत, प्लेगच्या साथीत, जिवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. न टोचलेले कैदी हा इथला कोरा पट्टा; त्यांच्यापैकी १२ जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावलं कुणी नाही. मोठंच धाडस ते. तरी एक शंका राहते: स्वतःहून पुढे येणारा कैदी मुळातच धडधाकट असला तर?

रानातही हीच शंका येते. ओढ्याकडेला खोल काळी, वर मुरमाड. औषधाचा पट्टा काळ्या जमिनीत पडला की निकाल आधीच ठरला. १९१९ साली रोदॅमस्टेडला आलेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय दिला: कोणत्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि प्रत्येक उपचार अनेक वाफ्यांत पुन्हा करा. एकच उपचार दिलेले वाफे आपसात किती कमीजास्त पिकतात ते कळलं, की औषधाचा फरक खरा की योगायोगाचा हे जोखता येतं.

ही शिस्त आपल्या शेतीत रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे हे आघाडीवर होते. प्रयोगाबाहेरच्या रानात पीक किती आलं हे तोवर नजरेनं ठरे. चाळीसच्या दशकात या दोघांनी चिठ्ठीनं निवडलेल्या जागी पीक कापून, तोलून बघण्याची पद्धत उभी केली. पीकविम्याचे कापणी प्रयोग त्याच वाटेनं होतात. शेतीसंशोधकांसाठी दोघांनी लिहिलेलं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. मला त्यांचं काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी मोठ्या अधिकाऱ्याच्या अंदाजापेक्षा तराजूला मान दिला.

आडसाली ऊस तुटायला दीड वर्ष जातं, खोडवा धरला तर आणखी वर्षभर. एवढा पैसा अडकवणाऱ्या शेतकऱ्यानं पाटीखाली उभं राहून विचारावंच: वाफे किती होते, कोणत्या वाफ्याला काय हे कुणी ठरवलं, आणि कोऱ्या पट्ट्यात किती टन निघाले?