राख पडण्याआधीचे सहा तास

स्थळ : आजच्या मोरोक्कोतला हाय ॲटलास पर्वत. काळ : कॅम्ब्रियन, सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे पर्वत नव्हता. गोंडवन महाखंडाच्या काठाला उथळ समुद्र होता आणि जवळपास एक जागृत ज्वालामुखी. खालच्या वेळा अर्थातच माझ्या अंदाजाच्या, खडक काही घड्याळ दाखवत नाही. शेवटच्या क्षणाचा पंचनामा मात्र त्याने चोख करून ठेवला आहे.

6 तास आधी
जमीन उघडीबोडकी. झाड नाही, गवत नाही, पाखरू नाही. दिवसही आखूड, साधारण 21 तासांचा. सगळी वर्दळ पाण्यात. तळाच्या गाळावर ट्रायलोबाइट फिरताहेत : खेकडे-विंचवांसारखेच सांधेदार पायांचे प्राणी, पाठीवर तीन उभ्या भागांचे कवच. इथे जाती दोन, गिगुटेला आणि प्रोटोलेनस. जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या.

4 तास आधी
एकाने कात टाकली. वाढताना ट्रायलोबाइटला अनेकदा कवच बदलावे लागते, त्यामुळे संग्रहालयात आपण ज्याला मेलेला प्राणी समजतो, तो पुष्कळदा त्याचा उतरवलेला अंगरखा असतो. कवच कॅल्साइटचे, म्हणून टिकते. पाय, मिशा, तोंडाभोवतीचे मऊ भाग कुजून जातात. ट्रायलोबाइटच्या 22 हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या, पण पाय पाहायला मिळाले ते फार थोड्यांचे.

1 तास आधी
काहींच्या कवचावर इवलेसे ब्रॅकिओपॉड देठाने चिकटले आहेत. दिसायला शिंपल्या, पण शिंपल्यांशी नाते नाही. फुकटचे प्रवासी!

काही मिनिटे आधी
उद्रेक. तापलेली राख आणि वायू यांचा लोट उतारावरून सुटतो आणि थेट समुद्रात घुसतो.

शून्य
पाणी राखेने दाटते. पळायला वेळच नाही. हे राखमिश्रित पाणी प्राण्यांच्या पोटातही जाते. त्यांच्या अन्ननलिकेत राखच भरलेली सापडली, ती बहुधा जीव जाताजाता गिळलेली. कवचावरचे ब्रॅकिओपॉड देठासकट जिथल्या तिथे गाडले जातात. नाजूक देठही सुटला नाही, यावरूनच सगळे किती झटपट उरकले ते कळते.

त्यानंतर
बारीक राख अंगाला घट्ट बसून कडक होते. आतला देह कालांतराने नाहीसा होतो, साचा राहतो. इटलीतल्या पॉम्पेईत माणसांचे झाले तेच. म्हणून संशोधकांनी यांना ‘पॉम्पेई ट्रायलोबाइट’ म्हटले.

2024
फ्रान्समधल्या प्वातिए विद्यापीठाचे अब्देर्रझाक एल अल्बानी आणि त्यांचे सहकारी ‘सायन्स’ नियतकालिकात हे नमुने जगासमोर आणतात. खडक न फोडता क्ष-किरणांच्या सूक्ष्म स्कॅनने त्यांनी आतले अवयव त्रिमितीत पाहिले. तोंड म्हणजे एक बारीक फट, तिच्यावर ओठासारखी मांसल झडप, म्हणजे लेब्रम. ट्रायलोबाइटमध्ये ती प्रथमच दिसली. तोंडालगतच्या उपांगांचे तळ चमच्यासारखे वाकलेले. मिशांच्या मागे डोक्याला उपांगांच्या तीन जोड्या असतात, असे मानले जात होते. या दोन्ही जातींत त्या चार निघाल्या. पिढ्यान्पिढ्या तज्ज्ञ कवचे मोजत राहिले आणि डोक्याखालची एक जोडी हिशेबातून सुटली!

ज्वालामुखीच्या राखेत जीवाश्म शोधायला सहसा कोणी जात नाही. उथळ समुद्रात साचलेले राखेचे थर मात्र आता मुद्दाम धुंडाळायला हवेत. हे वाचून कोणी सह्याद्रीत हातोडी घेऊन निघणार असेल, तर थांबावे : आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, आणि ट्रायलोबाइट 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले. भारतातले कॅम्ब्रियन ट्रायलोबाइट पाहायचे असतील, तर हिमाचलातल्या स्पितीची वाट धरावी.