रामकुंड आणि क्लोरीन

पंचवटी म्हटले की आम्हां साहित्याच्या वाचकांना अरण्यकांड आठवते. क्लोरीन आठवत नाही. तरीही तीर्थक्षेत्रांचा आधुनिक इतिहास या वायूला वगळून लिहिता येणार नाही, असे आम्हांला वाटते. १८६७ च्या हरिद्वार कुंभमेळ्यातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर भारतभर पसरली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावात तिचे जंतू सापडले. तेव्हापासून तीर्थाचे पावित्र्य आणि पाण्याची शुद्धता या दोन निराळ्या गोष्टी ठरल्या.

शेले यांनी १७७४ मध्ये तयार केलेल्या या वायूला डेव्ही यांनी १८१० मध्ये त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून ग्रीक नाव दिले. आरंभी त्याचा उपयोग कापड शुभ्र करण्यासाठी होई. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने त्याच्या संयुगाने शहराचे पाणी नियमितपणे निर्जंतुक करण्यास सुरुवात केली. अवघ्या सात वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, ईप्र येथे जर्मन सैन्याने सुमारे १६८ टन क्लोरीन शत्रूच्या खंदकांवर सोडला.

तारक आणि मारक गुणांचे मूळ एकच आहे. पाण्याशी संयोग होताच क्लोरीनपासून आम्ले बनतात; ती जंतूंना मारतात, तशीच फुफ्फुसांतील ओलाव्यात निर्माण होऊन माणसालाही. हवेच्या अडीचपट जड असल्याने हा वायू सखल भागात साचतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडी येथे बंदराच्या हद्दीत पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून तो गळला आणि सुमारे शंभर जणांना बाधा झाली.

मग रामकुंडाचे काय? नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, असे भारतीय मानक सांगते. वाहत्या, उन्हात उघड्या कुंडात तो टिकत नाही. शिवाय पाण्यात सांडपाणी मिसळलेले असेल, तर बराचसा क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतो, आणि काही अपायकारक उपपदार्थही तयार होतात. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो यामुळेच महत्त्वाचा. नाले नदीत सोडायचे आणि पर्वणीच्या तोंडावर औषधाची मात्रा वाढवायची, हा क्रम रसायनशास्त्रालाच मान्य नाही. त्या वाढीव मात्रेचा धोका अखेर सिलिंडरची झडप उघडणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येतो. आणि पर्वणीच्या वर्णनांत त्याचा उल्लेख आम्हांला कोठेच आढळत नाही.