सुट्या भागांची सुसंगतता : वर्सोवा ते लॅमिंग्टन रोड, घरगुती गेमिंग संगणकाच्या जुळणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
तयार संगणक विकत घेणे आणि सुटे भाग आणून संगणक जुळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात सर्व भाग परस्परांशी जुळतात याची हमी उत्पादक कंपनी देते. दुसऱ्या प्रकारात ती हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न उरतो. वर्सोव्यासारख्या पश्चिम उपनगरातून ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड गाठणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नसून कुटुंबाने साठविलेल्या पैशाचा आहे. प्रस्तुत लेखात या जबाबदारीच्या स्थलांतराचा आढावा घेतला आहे.

सुसंगततेचा उगम :
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर व इतर कंपन्यांचे तयार भाग त्यात वापरलेले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध झाली होती. केवळ बायोस ही आज्ञावली स्वामित्वहक्काने संरक्षित होती. कॉम्पॅकने ती नक्कल न करता स्वतंत्रपणे लिहून घेतली व नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएमशी सुसंगत संगणक जाहीर केला. ‘सुसंगत’ हा शब्द अशा रीतीने व्यापाराच्या भाषेत रूढ झाला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स मानक आणले. त्यामुळे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस वेगवेगळ्या उत्पादकांचे असले तरी एकत्र बसू लागले.

मुंबईतील बाजारपेठ :
१९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मिळालेला हा रस्ता आज अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जातो. रेडिओ व इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या येथील व्यापारात पुढे संगणकाची भर पडली. नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण, १९९१ चे उदारीकरण आणि १९९७ मध्ये भारताने स्वीकारलेला माहिती तंत्रज्ञान करार यांमुळे आयात क्रमाक्रमाने सुलभ झाली. ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’ हे दोन शब्द मध्यमवर्गीय घरांत परिचित झाले. या काळात सुसंगततेची जबाबदारी व्यवहारतः दुकानदाराकडे होती. भागांची यादी तोच करी, जुळणीही तोच करी व बिघाड झाल्यास ग्राहक त्याच्याकडेच परत जाई.

खाच, सॉकेट आणि वीज :
खेळांसाठीच्या संगणकाने ही व्यवस्था अवघड केली. ग्राफिक कार्डासाठी आलेल्या एजीपी जोडणीत प्रारंभी ३.३ व्होल्ट व नंतर १.५ व्होल्ट दाबाची कार्डे होती. चुकीचे कार्ड बसू नये म्हणून त्यांच्या खाचा वेगळ्या जागी ठेवल्या गेल्या. १९९९ साली एएमडीने अॅथलॉनसाठी इंटेलच्या स्लॉटसारखाच स्लॉट वापरला, परंतु तो उलट दिशेने बसविला. म्हणजे चूक टाळण्याचे काम भागाच्या आकारावरच सोपविलेले होते.

पुढे आकाराची ही साक्ष अपुरी ठरली. २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्याच ११५१ सॉकेटच्या नावाने आले, तथापि आधीच्या मदरबोर्डवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये नवा प्रोसेसर नीट बसे. मात्र मदरबोर्डवरील बायोस जुना असल्यास पडदा कोराच राही. बायोस अद्ययावत करण्यासाठी बहुधा जुना प्रोसेसर लागे. ही अडचण ओळखून २०१८ साली एएमडीने ग्राहकांना तात्पुरता प्रोसेसर देण्याची सोय केली. रॅमच्या बाबतीत खाच अजूनही प्रामाणिक आहे : डीडीआर४ पट्टी डीडीआर५ च्या जागेत बसत नाही.

विजेचा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ७५ वॅट देतो, आठ पिनांची एक जोडणी आणखी १५० वॅट. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० कार्डाची घोषित गरज ४५० वॅट आहे. स्वस्तातला एसएमपीएस अशा कार्डास पुरत नाही. वर्सोव्यात खाऱ्या व दमट हवेने धातूच्या जोडण्या गंजण्याचा धोकाही लक्षात घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली व वर्सोव्याहून अंधेरी स्थानक गाठणे सोपे झाले. तथापि ऑनलाइन खरेदीमुळे अनेक ग्राहकांना लॅमिंग्टन रोडला जाण्याची गरजच उरली नाही. या सोयीची किंमतही आहे. पाच विक्रेत्यांकडून आलेले पाच भाग स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकत्र चालत नसतील, तर दोष नेमका कोणाचा? वॉरंटी प्रत्येक भागाची असते, भागांमधील संबंधाची नसते. ती जबाबदारी कंपनीकडून दुकानदाराकडे आणि दुकानदाराकडून ग्राहकाकडे आली आहे. म्हणूनच प्रोसेसर व मदरबोर्डची अधिकृत सुसंगत यादी, बायोसची आवृत्ती, रॅमचा प्रकार, कार्डाची लांबी आणि एसएमपीएसची क्षमता या क्रमाने पडताळणी करणे हा केवळ छंदाचा भाग राहिलेला नाही. पूर्वी दुकानदाराकडे असलेले ज्ञान ग्राहकाने आत्मसात करण्याची ती प्रक्रिया आहे.