सम्राटाची परसबाग

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी नोकरी सोडली आणि वाईला आईबाबांकडे येऊन राहिले. कारणं नेहमीचीच. रात्री तीनला वाजणारा फोन, पडलेला सर्व्हर, आणि 'एवढा रिलीज होऊ दे, मग बघू' हे दर तीन महिन्यांनी ऐकू येणारं वाक्य. या विषयावर आमच्या पिढीचं पुरेसं रडून झालंय, त्यामुळे पुढे जाते. घरामागे जेमतेम अर्धा गुंठा परस आहे. बाबांनी नर्सरीतून 'गोल्डन एकर' जातीच्या कोबीची चोवीस रोपं आणली, दीड-दीड फुटावर खड्डे करायला लावले आणि खुरपं माझ्या हातात दिलं. "नुसती बसून राहू नकोस," एवढंच म्हणाले.

नोव्हेंबर संपत आला होता. कोबीची आतली पानं एकमेकांवर मिटून गड्डा धरायला लागली होती. तेव्हा जुन्या मॅनेजरचा फोन आला. प्रोजेक्ट अडकलाय, ज्यांना तो कोड कळतो त्यांतले निम्मे गेलेत, तीन महिन्यांसाठी तरी ये. विचार करून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि रात्री उत्तरादाखल एक गोष्ट पाठवून दिली. नोकरी सोडणाऱ्या इंजिनिअरांमध्ये ती बरीच फिरते.

गोष्ट अशी. इ.स. ३०८. डॅन्यूबच्या काठी कार्नुंटुम इथे, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियात, रोमन साम्राज्यातली बडी मंडळी जमली आहेत. राज्य कोणाचं यावरून गोंधळ माजलाय. ती तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सम्राट डायोक्लेशियनला गळ घालतात, की परत या. तो म्हणतो, सलोनाला मी स्वतःच्या हातांनी लावलेला कोबी तुम्ही पाहिला असतात, तर हे विचारायची तुमची छाती झाली नसती.

मॅनेजरनं हसणाऱ्या चेहऱ्यांची एक ओळ पाठवली. मला भलतंच बरं वाटलं. मग झोप येईना म्हणून गोष्टीचं मूळ शोधायला बसले. ही सवय वाईट. सगळं नीट चाललेलं असताना लॉग उघडून बघू नयेत.

मुळात हा माणूस कोण होता ते आधी सांगायला हवं, कारण त्याशिवाय कोबीला वजन येत नाही. डायोक्लेशियन डाल्मेशियाचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचा. घराणं अगदी सामान्य. सैन्यातून वर चढत २८४ साली सम्राट झाला. त्याआधीच्या पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट होऊन गेले होते आणि त्यांतले बहुतेक मारले गेले होते, बऱ्याचदा आपल्याच सैनिकांकडून. त्यानं ओळखलं की एका माणसाला हे ओझं पेलणारं नाही. म्हणून त्यानं आधी मॅक्झिमियनला जोडीला घेतलं आणि २९३ मध्ये दोघांच्या हाताखाली आणखी दोन नेमून चौघांची राजवट उभी केली. प्रांतांचे तुकडे करून त्यांची संख्या जवळपास दुप्पट केली. कर, सैन्य, नाणी, सगळ्याला हात घातला. मला यात एक ओळखीचा स्वभाव दिसतो. जुनी सिस्टिम वाचवायला आलेला, हुशार, कामसू आणि प्रत्येक गोष्ट नियमात बसवता येते अशी पक्की खात्री असलेला माणूस. असा एक प्रत्येक टीममध्ये असतो. आमच्या टीममध्ये बहुधा मीच होते.

तो गोड म्हातारा नव्हता, हेही सांगून टाकते. ३०३ साली त्यानं ख्रिस्ती लोकांचा जो छळ सुरू केला, तो रोमन इतिहासातला सर्वांत मोठा. चर्च पाडली, ग्रंथ जाळले, माणसं मारली. कोबीवाल्या पोस्टमध्ये हे नसतं.

आता कोबी. ३०१ साली डायोक्लेशियननं सबंध साम्राज्यासाठी कमाल किमतींचा हुकूम काढला. हजाराहून जास्त वस्तू आणि मजुऱ्या, प्रत्येकीपुढे एक आकडा, त्यापेक्षा जास्त घेतलंत तर देहदंड. सुरुवातीला व्यापाऱ्यांच्या हावरटपणावर लांबलचक प्रवचन, मग यादी. शेतमजुराला जेवून दिवसाला २५ देनारियस. (आपल्या जुन्या ग्रंथांतला 'दीनार' तो हाच.) सुताराला जेवून ५०. न्हाव्याला एका गिऱ्हाइकामागे २. पहिल्या प्रतीचा सिंह दीड लाख. आणि भाज्यांच्या भागात 'कोलिकुली', म्हणजे कोबी. उत्तम प्रतीचे असतील तर ४ देनारियसला पाच, दुय्यम असतील तर ४ देनारियसलाच दहा. हा हुकूम दगडांत कोरून चौकाचौकांत लावला होता. त्याचे तुकडे आजही सापडतात, म्हणून आपल्याला हे ठाऊक.

हुकूम फसला. लॅक्टँटियस हा त्या काळचा ख्रिस्ती लेखक सांगतो, की माल बाजारातून नाहीसा झाला आणि क्षुल्लक गोष्टींवरून रक्त सांडलं. लॅक्टँटियस डायोक्लेशियनचा वैरी, तेव्हा त्याचं थोडं हातचं राखूनच ऐकावं. पण चांदी कमी कमी होत गेलेली नाणी पाडायची आणि भाव मात्र दगडात कोरायचे, हे चालणार नव्हतंच. स्पेनपासून सीरियापर्यंत कोबी काय भावानं विकावा हे ज्यानं ठरवलं, तोच चार वर्षांनी स्वतःचा कोबी लावायला बसला. हा योगायोग मला त्याच्या प्रसिद्ध उत्तरापेक्षा जास्त आवडतो.

त्या उत्तराचं काय? ते आपल्याला मिळतं चौथ्या शतकाच्या अगदी अखेरीस लिहिलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकात, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे नव्वद वर्षांनी. आणि तिथे कोबी नाही. शब्द आहे 'ओलेरा', म्हणजे पालेभाज्या, भाजीपाला. गिबननं १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात हा प्रसंग इंग्रजीत सांगितला, तेव्हा त्यानं कोबी लिहिला आणि इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोक्यात कोबीच बसला. अगदीच चूक म्हणता येत नाही. कोबीचं शास्त्रीय नाव 'ब्रासिका ओलेरासिया', त्यातही तोच शब्द आहे, आणि रोमन लोकांना कोबीचं वेड होतंच. थोरल्या केटोनं आपल्या शेतीवरच्या पुस्तकात सगळ्या भाज्यांच्या वर कोबीला बसवून त्याला जवळजवळ प्रत्येक रोगावरचं औषध ठरवलंय. पण मराठीत ही अडचणच येत नाही. 'मी लावलेली भाजी बघा' म्हटलं की झालं, भाजी कोणतीही असो.

बरं, कोबी असला तरी तो आपला कोबी नव्हता. आजचा घट्ट, गोल, पांढुरका गड्डा मध्ययुगात उत्तर युरोपातल्या थंडीत हळूहळू घडत गेला, असं मानलं जातं. रोमन बागांतला कोबी बहुधा मोकळ्या पानांचा, लांब देठाचा. 'कोलिकुली'चा अर्थच 'लहान देठ'. मूळ शब्द 'काउलिस', देठ. त्याचंच पोर्तुगीजांनी 'कोव्ह' केलं, त्यांच्या गलबतांतून तो शब्द भाजीसकट आपल्या किनाऱ्याला लागला आणि आपण त्याचा 'कोबी' केला. इंग्रजांचा 'कॅबेज' मात्र डोकं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. म्हणजे ते भाजीला डोकं म्हणतात आणि आपण, नकळत, देठ म्हणतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पहाटे परसात गेले होते, मोबाइलचा टॉर्च घेऊन. तीन गड्ड्यांना चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांनी चाळणी करून ठेवली होती. निंबोळी अर्क मारायला मी दोन दिवस उशीर केला होता. सम्राटाच्या बागेत अळ्या होत्या का, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, होत्याच असणार.

पण माझी गोष्ट खरी मोडली ती पुढच्या वाचनात. डायोक्लेशियन १ मे ३०५ ला निकोमीडियात पायउतार झाला. आदल्या वर्षीच्या आजारपणानं तो इतका खंगला होता, की लोकांना तो ओळखू येईना. तिथून तो गेला ते कुठल्या झोपडीत नव्हे. सलोनाजवळ, आजच्या स्प्लिट शहरात, त्यानं समुद्राकाठी राजवाडा बांधून घेतला होता. साधारण २१५ मीटर लांब, १८० मीटर रुंद, सोळा बुरूज, आणि नऊ किलोमीटरवरच्या नदीतून पाणी आणणारा स्वतंत्र पाट. परसबागेला एवढे बुरूज लागत नाहीत. आपण सोडलेलं आपल्या मागे येणार, हे त्याला ठाऊक असावं.

आणि ते आलं. मॅक्झिमियनला निवृत्ती मानवली नाही. तो परत गादीसाठी धडपडला आणि ३१० मध्ये जिवानिशी गेला. चौघांची राजवट एव्हाना कोसळलीच होती. डायोक्लेशियनची मुलगी व्हालेरिया चौघांपैकी गॅलेरियसला दिलेली. तो ३११ मध्ये वारला. मग पूर्वेचा सम्राट मॅक्सिमिनस दाइया तिच्या मागे लागला. तिनं लग्नाला नकार दिला, तेव्हा त्यानं तिची मालमत्ता जप्त केली आणि तिला आई प्रिस्कासकट सीरियाकडे हद्दपार केलं. लॅक्टँटियस सांगतो, की म्हाताऱ्यानं सलोनाहून निरोपांवर निरोप धाडले, मुलीला माझ्याकडे पाठवा म्हणून. ज्याच्या एका शब्दावर सिंहापासून कोबीपर्यंत सगळ्याचे भाव ठरले होते, त्याचं आता कोणी ऐकलं नाही. तो गेला. त्यानंतर त्या दोघी पंधरा महिने वेष पालटून गावोगाव लपत राहिल्या, शेवटी थेसालोनिकीत पकडल्या गेल्या. त्यांची डोकी उडवली आणि धडं समुद्रात टाकली. हुकूम लिसिनियसचा. लिसिनियसला सम्राटपद मिळालं होतं ते कार्नुंटुमच्या त्याच बैठकीत, जिथे डायोक्लेशियन भाजीविषयी बोलला होता.

तेव्हा तो परतला असता तर मुलगी वाचली असती का? नसतीही. पण ते वाक्य मी आता कोणाला फॉरवर्ड करत नाही.

राजवाड्याचंही थोडक्यात सांगते. सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथली माणसं पळून या तटबंदीत शिरली आणि तिथेच राहिली. आजही आत घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. सम्राटाच्या कबरीचं कॅथीड्रल झालं, तेही त्याच्याच छळात मारल्या गेलेल्या सलोनाच्या बिशपच्या नावानं. त्याची शवपेटी कुठे गेली कोणास ठाऊक. पूर्वेच्या तटाबाहेर भाजीबाजार भरतो.

डिसेंबरात मी कोबी काढला. अंगठ्यानं दाबून बघायचं. दबला नाही तर तयार. जास्त दिवस ठेवून एकदम पाणी दिलं तर गड्डा तडकतो, तसे दोन तडकले. अळ्यांचे तीन धरून एकोणीस चांगले निघाले. बाबांनी खालची चार पानं आणि बुंधा तसाच ठेवायला लावला आणि कापलेल्या जागी विळ्यानं फुलीसारखी चीर दिली. वरचा कोंब, म्हणजे गड्डा, गेला की बाजूचे झोपलेले डोळे फुटतात.

जानेवारीत मी तीन महिन्यांच्या करारावर कामाला लागले, वाईतूनच. संध्याकाळी सातनंतर फोन उचलणार नाही असं लिहून घेतलं. आतापर्यंत दोनदा उचललाय.

महिन्याभरानं बुंध्यांवर मुठीएवढेही नसलेले हिरवे फुटवे आले, लांबट देठांचे, पानं मोकळीच. रोमन लोकांना असले फुटवे फार आवडत; त्यांना ते 'किमा' म्हणत आणि मोठ्या कोबीपेक्षा नाजूक मानत. मी ते तोडून आणले. आईनं मोहरी-हिंगाची फोडणी देऊन हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतले. बाबांनी ताटात बघून विचारलं, "ही कसली भाजी?"

"कोबीचीच," आई म्हणाली, "पण देठं जास्त आहेत."