कृषी कीटकशास्त्र : पदवी शिक्षण (सुरत परिसर)

पिकांवरील किडींची ओळख, जीवनचक्र व नियंत्रण यांचा अभ्यास करणारी कृषिविज्ञानाची शाखा. सुरतच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तेथील विद्यार्थ्यांना जवळचे केंद्र म्हणजे २००४ मध्ये स्थापन झालेले नवसारी कृषी विद्यापीठ. चार वर्षांच्या कृषी पदवीनंतर दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी कीटकशास्त्र निवडता येते. खरे शिक्षण मात्र शेतातच होते: कापसाची डोमकळी (अळीमुळे न उमललेले फूल) उकलून आतली गुलाबी बोंडअळी शोधायची, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले तिचे पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, तर उपाय लगेच योजावा लागतो. कापसाच्या अभ्यासाशी या परिसराचे नाते जुने आहे: जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, संकर-४, १९७० मध्ये सुरतच्याच कापूस संशोधन केंद्रातून आला.